काचेवरचे बोट

मराठीत ‘चाळिशी’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. मनुष्याने वयाची चाळीस वर्षे ओलांडली की डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते, जवळचे बारीक अक्षर अंधूक दिसू लागते, पुस्तक हळूहळू डोळ्यांपासून दूर सरकते, आणि शेवटी हातच पुरेनासा झाला म्हणजे तो चष्मा घेतो. या चष्म्यालाच आपल्या पूर्वजांनी ‘चाळिशी’ असे नाव देऊन टाकले. त्या नावात हिणवणे कोठेही नाही. ‘माझी चाळिशी कोठे ठेवली रे?’ असे विचारीत आजोबा घरभर हिंडतात, आणि बहुधा ती त्यांच्या कपाळावरच असते. तरीही ‘आजोबांना वाचता येत नाही’ असे म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वाचता त्यांना उत्तम येते. अक्षर तेवढे त्यांच्या डोळ्यांच्या मानाने लहान पडते, हे घरातले लहान मूलही जाणते.

स्मार्टफोनच्या बाबतीत हा समजूतदारपणा आपण कोठे हरवून बसलो, कोण जाणे! आजोबांच्या हातून फोनवर काही भलतेच झाले की नातू चटकन म्हणतो, “आजोबांना नाही जमत.” शेजारी म्हणतात, “या वयात कशाला हवी ही उठाठेव?” आणि दहा वेळा ऐकल्यावर आजोबांनाही ते खरे वाटू लागते. मला मात्र ते पटत नाही. येथेही दोष अक्षराचाच आहे. फोन बनवणाऱ्याने तो बनवताना स्वतःचे, म्हणजे पंचवीस वर्षांच्या माणसाचे, बोट डोळ्यांपुढे ठेवले. सत्तरीच्या बोटाची त्याला आठवण झाली नाही.

मी राहतो त्या पिंपरी-चिंचवड नगरीत तर याचे अधिकच नवल वाटते. कारण हे गाव यंत्रांवर वाढलेले आहे. पवनाकाठचे मोरया गोसावींचे चिंचवड आणि आसपासची पिंपरी, आकुर्डी, भोसरी, निगडी ही एके काळची शेतीची गावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीन तयार करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. मागाहून आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या, पिंपरीस टेल्को आली, भोसरीत लहान कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. साताऱ्याकडून, सोलापूर-बीडकडून, कोकणातून तरुण माणसे पोटापाण्यासाठी येथे आली आणि भोंग्याच्या तालावर त्यांचे संसार चालले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी उत्तरेकडे सरकली, आणि ज्या चाकणचे नाव पूर्वी संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाई, ते आता मोटारींसाठीही घेतले जाते.

त्या वेळी आलेले तरुण आज सत्तरीच्या घरात आहेत. सकाळ-संध्याकाळ ते विरंगुळा केंद्रात जमतात. ज्येष्ठांना बसण्याबोलण्यासाठी आमच्या नगरात अशी केंद्रे ठिकठिकाणी आहेत. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर मीही तेथे जाऊ लागलो. टर्नर, फिटर, वेल्डर, ओतशाळेत तापलेले लोखंड ओतणारे असे नाना कसबांचे लोक तेथे भेटतात. ज्यांनी आयुष्यभर यंत्रे हाकली, तीच माणसे हातातल्या वीतभर यंत्रापुढे अवघडून बसलेली पाहिली म्हणजे चुकते कोठे, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यांतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांनी छत्तीस वर्षे लेथवर काम केले. केंद्रात येणारी मुले त्यांना टर्नरआजोबा म्हणतात, म्हणून मीही येथे तेच नाव घेतो. लोखंडी दांड्यावरून मिलिमीटरचा शंभरावा भाग उतरवायचा असेल तर ते तो मायक्रोमीटरने मोजून बिनचूक उतरवीत. हे माप किती सूक्ष्म, याची कल्पना यावी म्हणून सांगतो : आपल्या डोक्याचा एक केस सामान्यतः याच्या पाच ते दहा पट जाड असतो. असा हा हात फोनवर एका मुलीला हाक मारायला जाई आणि दुसरीलाच मारून बसे.

मी त्यांना एकदा विचारले, “तुम्हाला यात नेमके अवघड काय वाटते?” क्षणभर विचार करून ते म्हणाले, “सर, लेथचं हँडल फिरवलं की ते हाताला उत्तर देतं. किती फिरलं, कुठं अडलं, टूल जॉबला लागलं का, सगळं हाताला कळतं. ही काच मुकी आहे. आणि दुसरं असं की, लेथवर ज्या हँडलचं जे काम, ते उद्याही तेच. इथं आत्ता जिथं हिरवं बटण होतं, तिथं पुढच्या घटकेला तांबडं येतं. मग बोट कुणाच्या भरवशावर ठेवायचं?”

मुलांनो, फोनविषयी इतके नेमके बोलणे मी क्वचितच ऐकले आहे.

या टर्नरआजोबांवर तीन वर्षांपूर्वी एक प्रसंग ओढवला. कारखान्यातील कामगारांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली दरमहा काही रक्कम मिळते. ती मिळत राहावी म्हणून निवृत्ताने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत, हे सिद्ध करावे लागते. पूर्वी हा दाखला कागदावर दिला जाई. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली, आणि यंत्रावर बोट टेकवून तो देण्याची सोय झाली. सोय चांगलीच होती. पण टर्नरआजोबांनी बोट टेकवले आणि यंत्राने ओळख नाकारली. दुसरे बोट टेकवले, तिसरे टेकवले, हात धुऊन पुन्हा दहाही टेकवून पाहिली. तीन ठिकाणी हेलपाटे घातले. लोखंड, तेल आणि किसाने घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. ज्या कामाबद्दल निवृत्तिवेतन मिळायचे, त्या कामानेच ते मिळवण्याची खूण नाहीशी केली होती!

मुदत टळली आणि निवृत्तिवेतन थांबले. रक्कम मोठी नव्हती. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १००० रुपये ठरलेले आहे. त्यांना त्याहून थोडे अधिक मिळे, इतकेच. पण पत्नीचे रक्तदाबाचे औषध त्या पैशातून येई, आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे. आता मुलाकडे मागणे आले. मुलगा सालस आहे, त्याने दिलेही. तरीपण त्या चार महिन्यांत टर्नरआजोबा केंद्रात येईनासे झाले. एके दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हाताचे तळवे पुढे करून ते म्हणाले, “मी बसलोय तुमच्यासमोर, चहा पितोय, आणि ते यंत्र म्हणतं, हा माणूस तो नव्हेच.”

वाट अगदीच बंद नव्हती. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून हयातीचा दाखला नोंदवण्याची सोय केंद्र शासनाने केली होती, आणि पुढच्या वर्षी ती कारखान्यांतील निवृत्तांनाही मिळाली होती. त्यासाठी कोठे जायला नको. घरी बसून फोनवर काम होते. परंतु तो फोन चालवता आला पाहिजे! मुलगा चाकणच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस पकडून जायचा आणि येईपर्यंत दमून जायचा. “रविवारी करून देतो, बाबा” असे तो म्हणे, आणि रविवार येई व जाई.

म्हणून मी माझ्या जुन्या शाळेतील इयत्ता आठवीच्या पाच-सहा मुलांना रविवारी सकाळी केंद्रात बोलावले. मुले हुशार होती, पण पहिल्या दिवशी सगळा घोटाळाच झाला. आजी फोन पुढे करीत, मुलगा म्हणे, “द्या इकडे,” आणि दोन निमिषांत काम उरकून फोन परत देई. आजी कौतुकाने त्याच्याकडे पाहत; शिकत काहीच नसत. ‘द्या इकडे’ हे शब्द ऐकायला मदतीचे वाटतात, पण त्यांनी शिकणाऱ्याच्या हातातले शिकणेच काढून घेतले जाते. तेव्हा मी एक नियम केला : शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून शिकवायचे. काचेला बोट लागेल ते ज्याचा फोन त्याचेच.

मग मौज झाली. हात बांधले गेल्यावर मुलांना शब्द शोधावे लागले. “ते तिकडचं दाबा” म्हणून भागेना. “वरच्या उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके आहेत, त्यांवर बोट टेकवा,” असे पूर्ण वाक्य बोलावे लागे. पस्तीस वर्षे मराठी शिकवून जे मला साधले नाही, ते या नियमाने एका सकाळी साधले. एका मुलीने त्या तीन ठिपक्यांना ‘तीळ’ असे नाव दिले, तीन आडव्या रेघांना ‘पायऱ्या’ म्हटले. दातेरी चाकाच्या चिन्हाला काय म्हणावे, असा प्रश्न पडला तेव्हा टर्नरआजोबाच पुढे झुकले आणि म्हणाले, “अगं, हे तर गिअर! हे माझ्या घरचं आहे.” त्या दिवशी ते प्रथमच मोकळेपणाने हसले. त्या मुलीने मग ही सारी नावे, चित्रांसह, ठळक अक्षरांत एका वहीत उतरवून केंद्राला दिली.

शब्दांवरून आठवले. केंद्रातील बऱ्याच फोनांची भाषा आम्ही मराठी केली. पण ही फोनमधली मराठी कधी कधी इंग्रजीहून अवघड असते, हे मराठीचा शिक्षक असूनही मला मान्य केले पाहिजे. एका आजींच्या फोनवर ‘अनुमती द्या’ असे शब्द उमटले. त्या गोंधळून म्हणाल्या, “मी कोण बाई अनुमती देणारी? घरात विचारून सांगते.” ‘हो’ आणि ‘नको’ एवढेच लिहिले असते तर काय बिघडले असते? चाकणकडच्या एका आजींना तर अक्षरओळख मुळीच नव्हती. त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर मुलांनी त्यांच्या दोन्ही लेकींची आणि मुलाची छायाचित्रे लावली. चेहऱ्यावर बोट ठेवले की त्यालाच फोन लागे. शिवाय २०१७ पासून फोनला मराठी बोललेले ऐकून लिहिताही येते. त्या आजी फोनला “आज कांद्याला काय भाव निघाला रं?” असे विचारीत आणि तो आपले म्हणणे समजतो, याचे त्यांना शेवटपर्यंत आश्चर्य वाटत राहिले.

आता ‘मुक्या काचे’कडे वळतो. फोनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारे विजेचे सूक्ष्म जाळे असते. आपले शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या जाळ्यातील विद्युत्भार किंचित बदलतो, आणि तो कोठे बदलला यावरून फोन बोटाची जागा ओळखतो. म्हणजे काच जोर मोजत नाही. कोवळ्या, ओलसर बोटाची तिला तत्काळ वार्ता लागते. परंतु उतारवयात कातडी कोरडी होते, कष्टकरी हाताला घट्टे पडलेले असतात, आणि अशा बोटाची चाहूल तिला नीट लागत नाही. नखाची तर ती दखलच घेत नाही. आमच्या कित्येक आजी नखाच्या टोकाने काचेवर टकटक करीत आणि फोनला बहिरा ठरवीत. बोट ओल्या रुमालाला टेकवून मग काचेवर ठेवायचे, एवढी युक्ती सांगितल्यावर निम्म्या तक्रारी मिटल्या. नोटा मोजताना आपण बोट ओले करतोच की!

उत्तर मिळाले नाही म्हणजे मनुष्य स्वाभाविकपणे अधिक वेळ दाबून धरतो. पण साधारण अर्ध्या सेकंदाहून अधिक टेकलेले बोट म्हणजे फोनच्या लेखी निराळीच आज्ञा! मग चिन्हे जागची हलतात, एखादे नाहीसेही होते, आणि आजोबा घाबरून फोन बाजूला ठेवतात. हा अर्ध्या सेकंदाचा अवधी वाढवता येतो. हात थरथरत असेल तर लागोपाठ झालेले दोन स्पर्श एकच धरावेत, असेही काही फोनांना सांगता येते. अक्षर मोठे करता येते, रंग ठळक करता येतात. वय झाल्यावर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून फोनची घंटा कर्कश करण्यापेक्षा खालच्या पट्टीतली, जाड आवाजाची निवडावी. ही सारी सोय बहुतेक फोनांत आहे. ती ठेवली आहे मात्र त्या गिअरच्या चिन्हामागे, चार दारे ओलांडून, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाच्या दालनात. ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, त्याला ती सर्वांत उशिरा सापडावी, असा हा प्रकार आहे. दवाखान्याची पाटी दवाखान्याच्या आत लावावी तसे!

जपानी लोकांनी याचा विचार आपल्याआधी केला. तेथे १९९९ साली ज्येष्ठांसाठी ‘राकुराकु’ नावाचा फोन निघाला. ‘राकु’ म्हणजे सोपे, सुखाचे. २०१२ मध्ये त्याच नावाचा स्मार्टफोन आला. त्याच्या काचेला बोट नुसते लागून चालत नसे. बटणासारखे दाबले तरच तो आज्ञा मानी, आणि मानल्याची खूण बोटाला देई. हे मी टर्नरआजोबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “त्या लोकांना कुणीतरी टर्नर भेटला असणार.”

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येक रविवारी, कंटाळा येईपर्यंत, सांगत असू. फोन सोपा झाला म्हणजे तो चोरालाही सोपा होतो. बँकेचा अधिकारी किंवा पोलीस असल्याची बतावणी करून कोणी गुप्त आकडे विचारले, तर काही न बोलता फोन ठेवून द्यावा, आणि फसगत झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. केंद्राच्या फळ्यावर हा क्रमांक खडूने हातभर मोठा लिहून ठेवला होता. तो आजही आहे.

शेवटी हयातीच्या दाखल्याचा दिवस उजाडला. आधार क्रमांक बारा आकडी. टर्नरआजोबा चाळिशी लावून कार्डावरचे चार आकडे वाचीत, मान वळवून फोनवर उमटवीत, पुन्हा कार्डाकडे वळत; आणि आठव्या आकड्याला काच काळी होऊन जाई. फोन अर्ध्या मिनिटात झोपी जात होता! “याला काय झालं? पाळी संपली का याची?” ते म्हणाले. वहीवाल्या मुलीने हात पाठीमागे ठेवूनच त्यांना गिअरपाशी नेले, आणि काच दहा मिनिटे जागी राहील असे त्यांच्याकडून करून घेतले. मग आकडे पुरे झाले. पुढे चेहरा दाखवण्याची वेळ आली, तर ओळख पटेना. मुले हिरमुसली. टर्नरआजोबांनी मात्र फोनकडे, मग खिडकीकडे पाहिले, उठले, खुर्ची फिरवली आणि तोंडावर उजेड घेऊन बसले. “जॉबवर उजेड नको का?” एवढेच ते म्हणाले. फोनने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले. त्यांनी ती केली. आणि दाखला नोंदला गेला. थांबलेल्या महिन्यांचे पैसेही नंतर मिळाले.

पुढच्या वर्षी तीच मुदत जवळ आली तेव्हा मी त्यांच्या घरी चौकशीला गेलो. ते बाजारात गेले होते. त्यांच्या पत्नीने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवले. पंधरवड्यापूर्वीच्या एका चौकटीत, ‘दूध १ लिटर’ याच्या खाली, पेन्सिलीने रेखीव अक्षरांत हयातीच्या दाखल्याचा क्रमांक लिहून ठेवलेला होता.